तीन, चार, पाचचा उतार

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

आज आयुष्याला दिशा मिळाली. मुलीचं भूमितीचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं. चहाचा कप ठेवायला जागा नव्हती म्हणून ते उचललं आणि वाचतच राहिलो. काटकोन त्रिकोण. पाया, उंची आणि कर्ण. पायाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग बरोबर कर्णाचा वर्ग. शाळेत हे पाठ होतं. पण पाठ असणं म्हणजे समजणं नव्हे, या विषयावर मी वाचनालयात तासभर बोललेलो आहे.

तीनचा वर्ग नऊ. चारचा सोळा. बेरीज पंचवीस, म्हणजे पाच. हातचा नाही, बाकी नाही, तडजोड नाही. तीन, चार, पाच! सगळा समाज काटकोनातून वळसे घालत चालला आहे आणि समोर कर्ण मोकळा पडला आहे.

संकल्प: यापुढे घरातला कुठलाही प्रश्न अंदाजपंचे सोडवायचा नाही. बाजू मोजायच्या, वर्ग करायचा, मूळ काढायचं.

चहा निवला. पुन्हा गरम करून मागितला. ही म्हणाली, गॅस कुठे आहे माहीत आहे ना तुम्हाला.

संध्याकाळ.

ताईचा फोन. आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती ताईकडे आहे, कारण तिथे लिफ्ट आहे आणि आमच्या दाराला पायऱ्या. आई आता चाकांच्या खुर्चीत छान बसते, पण रोज विचारते म्हणे, मला घरी कधी नेणार. ताईची अट: खुर्ची थेट दारातून आत गेली पाहिजे. उचलाउचल चालणार नाही, डॉक्टरांनी बजावलंय. जमत नसेल तर तसं सांग, म्हणाली, आई कायमची माझ्याकडे राहील आणि तू दर रविवारी पाहुण्यासारखा येत जा, बिस्किटं घेऊन.

मी म्हटलं, तेवीस तारखेला आई स्वतःच्या घरात असेल. ताई म्हणाली, वक्ते, तारीख नको, उतार बांध.

बांधतो. भूमिती हाताशी आली त्याच दिवशी हा फोन यावा, याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

प्रयोग पहिला. घर ते ऑफिस: बाजाराचा रस्ता चारशे मीटर, मग वळून तीनशे. सगळे शहाणे सातशे मीटर चालतात. कर्ण मात्र पाचशे, बाजाराच्या मागच्या मोकळ्या आवारातून. दोनशे मीटरांची बचत. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आवारात काल नवीन काँक्रीट ओतलं होतं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. लिहिलेलं होतं, पण ती पाटी काटकोनातून येणाऱ्यांच्या बाजूला होती.

डावी चप्पल तिथेच राहिली. मुकादम बरंच बोलला. त्यात माझ्या आईवडिलांचाही उल्लेख आला. ऑफिसात उशीर. साहेबांना प्रमेय समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि रजा हवी आहे का असं विचारलं.

प्रमेयात चूक नव्हती. जमीन ओली होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

पुढच्या दाराची मोजणी केली. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत उंची बरोबर तीन फूट! मला टेप हातात धरून क्षणभर उभं राहावं लागलं. तीन! म्हणजे पाया चार घ्यायचा, फळी पाच. निसर्गानेच हे घर माझ्यासाठी बांधून ठेवलं होतं, आणि मी वीस वर्षं त्याला नुसतं घर समजत होतो.

हिला दाखवलं. ती म्हणाली, अहो, मागची गल्ली उंचावर आहे, मागच्या दाराला पायरीच नाही. घराच्या कडेने जायचं, कोपऱ्यावर वळायचं, खुर्ची सरळ आत.

मी तिथेच ठणकावून सांगितलं की ज्या माउलीने मला बोलायला शिकवलं, तिला मी दूधवाल्यासारखं मागच्या दाराने आत घेणार नाही. शिवाय घराची एक बाजू चालायची, मग दुसरी बाजू चालायची, म्हणजे पुन्हा काटकोनच! कर्ण सोडून बाजूंवर चालणं ही बौद्धिक शरणागती आहे.

ही म्हणाली, कर्ण म्हणजे कानच ना? मग तो जरा उघडा ठेवा.

विनोद बरा होता. 

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

आईच्या खोलीतला बल्ब बदलायचा होता. शिडी पाच फुटी. पाय भिंतीपासून चार फुटांवर, टोक भिंतीवर तीन फुटांवर. त्रिकोण निर्दोष. बल्ब मात्र बराच वर राहिला. त्यात शिडीही सरकू लागली.

मुलीने स्टुलावर चढून बदलला. तिला उंचीचा वारसा तिच्या आईकडून आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.

आईच्या खोलीसाठी टीव्ही बघायला गेलो. दुकानदाराला म्हटलं, त्रेचाळीस इंच म्हणजे काय हे ठाऊक आहे का? तो म्हणाला त्रेचाळीस इंच. मी म्हटलं, हा कर्ण आहे! रुंदी नव्हे, उंची नव्हे, कर्ण! तुम्ही लोकांना कर्ण विकता आणि लोकांना पत्ता नाही. गिऱ्हाइकं जमली. मी अर्धा तास बोललो. एकाने टाळी वाजवली.

दुकानदाराने विचारलं, घ्यायचा आहे का. म्हटलं, आज फक्त प्रबोधन.

९ नोव्हेंबर, रविवार.

मोठं काम. आईची खोली, तूर्त माझी अभ्यासिका, तिला परत द्यायची, म्हणजे माझं कपाट बाहेर काढायचं. वक्तृत्वाच्या सगळ्या ढाली आणि करंडक त्यात. त्याची नवी जागा: मागच्या दाराशेजारचा पॅसेज. आडवं न्यायचं आणि तिथे उभं करायचं.

उभं करताना कपाट छताला अडेल का? सामान्य माणूस म्हणेल, करून बघू. मी कागद घेतला. उंची सात फूट, खोली दोन फूट. एकोणपन्नास अधिक चार त्रेपन्न. मूळ सात पूर्णांक अठ्ठावीस शतांश. पॅसेजचं छत सात फूट चार इंच. म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच शिल्लक! कपाट छताला न घासता अदबीने उभं राहील.

वरच्या मजल्यावरच्या पैलवानाला बोलावलं. (तो पैलवान नाही. गॅस सिलिंडर एकट्याने वर नेतो म्हणून नाव पडलं.) मी बाजूला उभा राहून दिशा दिली.

दुपार.

कपाट अडकलं. वरचा कोपरा छतात, खालचा समोरच्या भिंतीत. ना वर, ना खाली. पैलवानाने जोर केला तेव्हा छताचा गिलावा पडला. तो म्हणाला, साहेब, आता हे घराचा खांब म्हणूनच धरा, आणि पाठ चोळत वर गेला.

कारण शोधलं. मी मापलं ते कपाट. त्याच्या खाली तीन इंचांचे चार पाय आहेत. ते मोजायचे राहिले.

मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पाया धरला, पाय विसरलात. आणि मायलेकी दोघी इतक्या हसल्या की मला पाणी आपल्या हाताने घ्यावं लागलं.

भूमितीत पायाला पाय नसतात. दोष सुताराचा, ज्याने हे कपाट बनवलं त्याचा. मागचं दार तूर्त बंद. कपडे वाळत घालायला ही कपाटाखालून वाकून जाते. वाकणं तब्येतीला चांगलं, असं म्हटलं. ते बोलायला नको होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

उतारासाठी सुतार आला. नवा आहे, मुद्दाम नवा बोलावला. या बाबतीत माझं ठाम मत आहे: कारागिराला माप सांगावं, कारण सांगू नये. कारण सांगितलं की तो सल्ला देतो.

म्हणून एवढंच सांगितलं. उंची तीन, पाया चार, फळी पाच, रुंदीही चार. पायऱ्यांवर बसवायचं. मजबूत हवं.

त्याने विचारलं, वापरणार कोण. म्हटलं, घरातलं सगळ्यात लाडकं माणूस येणार आहे. त्याने विचारलं, वजन किती. म्हटलं, अगदी हलकं, फुलासारखं. त्याचा चेहरा एकदम खुलला. समजलं साहेब, समजलं, म्हणाला, काही काळजीच करू नका, फळी अशी करतो की कुठे टोचणार नाही, दोन्ही बाजूंना वीतभर कठडाही देतो, बाहेर पडायला नको. मला हे सुचलंच नव्हतं! चाक कडेवरून घसरू नये म्हणून कठडा. मनापासून काम करणारा माणूस आहे. नुसत्या आकड्यांत तो किती खोल शिरला.

हिने दारातून विचारलं की खुर्ची एवढ्या चढावर जाईल का. सुताराने कसली खुर्ची असं विचारायला तोंड उघडलं, पण मी दोघांनाही थांबवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

मुलीने नवाच फाटा फोडला. बाबा, कोन किती आहे? मी म्हटलं, काटकोन. ती म्हणाली, तो खालचा नाही, चढाचा. तो सदतीस अंश भरेल, खुर्चीला पाच अंशही पुष्कळ होतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आपल्याला छत्तीस फूट लागतील.

छत्तीस फूट म्हणजे उतार पानवाल्याच्या दुकानात निघेल. मी हसलो. हे सगळं कुठून काढलंस विचारलं. म्हणाली, त्रिकोणमिती, पुढचा धडा.

मी तिला शांतपणे सांगितलं की मी अजून त्या धड्यापर्यंत आलेलो नाही, आणि माणसाने एका वेळी एकाच तत्त्वाशी निष्ठा ठेवावी.

ती म्हणाली, बाबा, हा जिनाच आहे, फक्त पायऱ्या काढलेला.

हेच तर! पायऱ्या हाच अडथळा होता. पोरीला मुद्दा समजला आहे, पण समजलंय हे समजलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

उद्घाटन करायचं ठरवलं. रिबन, शेजारी, वाचनालयाची मंडळी आणि माझं छोटं भाषण. विषय: कर्ण, समाज आणि आई. पहिला मसुदा सतरा पानांचा झाला. आई थकेल म्हणून चौदावर आणला. काँक्रीटमधल्या चपलेचा प्रसंग गाळला.

आईशी फोनवर बोललो. म्हटलं, तुझ्यासाठी एक गोष्ट तयार होतेय. आई म्हणाली, सोन्या, मला गोष्ट नको, माझी खिडकी हवी. ताईच्या सातव्या मजल्यावरून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात, म्हणाली, कुणाशी बोलणार मी, कावळ्यांशी? मग ताईला ऐकू जाईल म्हणून आवाज बारीक करून विचारलं, नक्की येणार ना रे मी?

नक्की, असं म्हणालो. फोन ठेवल्यावर तिच्या खिडकीच्या काचा पुसल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

ताईचा फोन. मागचं दार मोकळं ठेव, असं म्हणाली. हिने सांगितलेलं दिसतंय. घरातच फितुरी. मी म्हटलं, गरज पडणार नाही. ताई म्हणाली, तुझं हे वाक्य मी तुझ्या लग्नात जेवण कमी पडलं त्याच्या आधीही ऐकलं होतं.

संकल्प: कपाट रविवारच्या आत मोकळं करायचं, केवळ घरातल्या शांततेसाठी.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

कपाटाला तेल लावून पाहिलं. कपाट जागेवर. पॅसेज निसरडा. ही वाकून जाताना सरकली. पडली नाही, पण बादली पडली. आज जेवताना सगळे गप्प होते. मीही भाषण मनातच म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

उतार बसला! लांबी पाच, उंची तीन, पाया चार. तीनदा मोजलं, तीनदा जुळलं. डोळ्यात पाणी आलं. (पॉलिशचा वास उग्र आहे.) सुताराने जीव ओतलाय. फळी आरशासारखी. हात ठेवला तर हात आपोआप खाली जातो. तो म्हणाला, साहेब, अख्ख्या गल्लीत असं दुसरं नसेल, मेण पण लावलंय. उद्या उद्घाटनाला ये म्हटलं, तर लाजला.

ही म्हणाली, अहो, एकदा कणकेचं पोतं खुर्चीत ठेवून चढवून तरी बघा. मी नकार दिला. पहिलं कारण: पॉलिश ओलं आहे. दुसरं: उद्घाटनाआधी तपासणी करणं म्हणजे प्रमेयावर अविश्वास. अडीच हजार वर्षं जे टिकलं, ते कणकेच्या पोत्याने सिद्ध करायचं?

ती आत गेली आणि कपाटाखालच्या सामानाची आवराआवर करू लागली. कशासाठी ते विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

लिहायलाच हवं. जे झालं ते क्रमाने.

दहाला गाडी आली. शेजारी, वाचनालयाचे चिटणीस, पैलवान, सुतार आणि गल्लीतली झाडून सगळी मुलं हजर. ताईने खुर्ची उघडली, आईला बसवलं. आईने नवं पातळ नेसलं होतं. घराकडे पाहत होती, उताराकडे नाही.

मी वर उंबऱ्यात, हातात चौदा पानं, समोर रिबन. मित्रहो, म्हणालो. आज आपण एका कर्णाच्या साक्षीने जमलो आहोत, असं म्हणत नेहमीच्या सवयीने एक पाऊल पुढे टाकलं.

वाक्य वर सुरू झालं आणि खाली संपलं. रिबन माझ्याबरोबरच आली. पानं वरून हळूहळू आली. मी थेट आईच्या पायांशी जाऊन थांबलो, बसलेल्या अवस्थेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चिटणिसांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं हेच उद्घाटन.

आई आधी हसली, मग लागलं का म्हणून विचारलं, मग पुन्हा हसली. म्हणाली, लहानपणी घसरगुंडी दिसली की माझा पदर धरायचास, बरं झालं, भीती मोडली.

तेवढ्यात सुतार पुढे आला. साहेब, तुम्ही कशाला, म्हणाला, लेकरू कुठाय? मी विचारलं, कुठलं लेकरू. तो म्हणाला, ज्याच्यासाठी घसरगुंडी केली ते. लाडकं, हलकं, फुलासारखं.

मी आईकडे बोट दाखवलं. सुताराने कपाळाला हात लावला.

 ताईने गाडीचं दार पुन्हा उघडलं. चल आई, म्हणाली, झालं घर बघून.

मी पैलवानाला म्हटलं की आपण दोघांनी खालून जोर लावला तर. ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती खुर्ची मागे ओढू लागली. खुर्ची हलेना. आईने ब्रेक लावला होता. दोन्ही हातांनी तो दांडा धरून बसली होती आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. म्हणाली, मी माझ्या दारात आलेय. आता मी सातव्या मजल्यावर जात नाही. इथेच बसते रस्त्यावर.

 

मग हिने सांगितलं, मागचं दार आहे. मध्ये एक कपाट आहे. सुताराने पिशवीतून करवत काढली आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या कपाटात मी पहिला करंडक ठेवला तेव्हा आईने खालच्या कप्प्यात नवा कागद घातला होता. तो अजून तसाच आहे.

कापा, असं म्हणालो. माझं आजवरचं सर्वात छोटं भाषण.

अर्ध्या तासात कपाटाचे दोन तुकडे झाले. ताईने खुर्ची घराच्या कडेने नेली, कोपऱ्यावर वळवली, गल्लीतून मागच्या दाराशी आणली. आधी एक बाजू, मग दुसरी. चाक आत गेलं तेव्हा साधा धक्काही बसला नाही. मी मागून ढाली घेऊन येत होतो.

हिने पॅसेजमधला भुसा गोळा केला आणि केरसुणी माझ्या हातात दिली. 

तात्पर्य: प्रमेय शाबूत आहे. फळी पाच फुटांचीच निघाली. याउपर मला काही म्हणायचं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

उतार उद्या काढायचा ठरवला. सुताराला निरोप धाडला.

आईने निरोप परत बोलावला. सकाळपासून ती खिडकीत आहे आणि गल्लीतली सगळी मुलं दारात. कुणाचा नंबर, कुणी ढकललं, कुणी दोनदा गेलं, सगळा न्याय तीच करते. ताई जाताना तिचा निरोप घ्यायला आली, तर आई म्हणाली, थांब गं जरा, ही चिमुरडी किती वेळची उभी आहे. ताईने माझ्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. रविवारी पाहुणी म्हणून येईन, म्हणाली.

संध्याकाळी ऑफिसातून आलो, सातशे मीटर चालून. दारात उभा राहिलो. वर जायला वाट नव्हती, कर्णावर रांग होती. मी मुलांना म्हटलं, बाजूला व्हा, हे माझं घर आहे.

आईने खिडकीतून सांगितलं, सोन्या, मध्ये घुसू नकोस, मागून ये.

मागून आलो.